मालनबाईंनी रद्द केलेली वही

त्या वर्षी मोरदऱ्याच्या सहकारी साखर कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. ऊसच नव्हता, गाळणार काय? वडवणीच्या आसपासच्या विहिरींनी दिवाळीतच तळ दाखवला होता. ज्या मैदानात हंगामात उसाच्या गाड्यांच्या रांगा लागायच्या, तिथं कारखान्यानं चारा छावणी उघडली. बाराशेच्या वर जनावरं, त्यांच्यामागं आलेली माणसं, पाचटाच्या आणि साड्यांच्या सावल्या, आणि दिवसभर टँकरच्या वाटेकडं लागलेले डोळे. दोन हजार तेराचा तो उन्हाळा.

मैदानाच्या पलीकडं कारखान्याच्या ट्रस्टचा दवाखाना होता आणि दवाखान्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांची रक्तपेढी. तिथं मालनबाई साळवे एकोणीस वर्षं तंत्रज्ञ होत्या. त्यांचा जन्म उसाच्या फडातला. आई मुक्ताबाई कोयता घेऊन जायची ती पाळण्यातल्या पोरीला बरोबर घेऊनच. पुढं मुक्ताबाईंनी पोरीला दिंद्रुडला बहिणीकडं ठेवलं आणि बजावलं की माझ्या हातातली मोळी तुझ्या डोक्यावर दिसता कामा नये. मालनबाई शिकल्या, औरंगाबादला जाऊन प्रयोगशाळेची पदविका घेतली, आणि परत आपल्याच मुलखात आल्या. सुरुवातीला गावातली काही घरं त्यांच्या हातचं पाणी पीत नव्हती. पण दुखणं आलं की तीच माणसं त्यांच्या सुईपुढं मुकाट्यानं बोट करायची. मालनबाई फक्त सुई टोचताना नाव, गाव आणि वय जरा मोठ्यानं विचारायच्या, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या.

रोज सकाळचं त्यांचं पहिलं काम ठरलेलं होतं. फ्रीजमधून तपासणीच्या औषधाच्या तीन बाटल्या काढायच्या. ए गटाची निळी, बी गटाची पिवळी आणि आरएचची, म्हणजे पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरवणारी, बिनरंगाची. रोग्याच्या रक्ताला हात लावायच्या आधी ओळखीच्या रक्तावर त्या बाटल्या तपासायच्या. ए गटाचं रक्त मालनबाईंचं स्वतःचं, बी गटाचं दवाखान्याचा वॉचमन हरिबा याचं, आणि ओ निगेटिव्ह कडूबाईचं. औषध आपल्या गटाच्या रक्तात मिसळलं की गुठळी होते. ज्याला गुठळी यायला हवी त्याला ती आली पाहिजे, हे तर खरंच. पण मालनबाईंचा सगळा भर दुसऱ्या बाजूवर असे. ज्याला गुठळी येऊ नये त्याला ती येता कामा नये. त्या हरिबाला म्हणायच्या, "हो म्हणणारे साक्षीदार पैशाला पासरी मिळतात. नाही म्हणणारा एक तरी खमका पाहिजे."

हा खमका साक्षीदार म्हणजे कडूबाई. वडवणीकडच्या एका तांबड्या माळावरच्या वस्तीतली, पन्नाशीची, ऊसतोड करणारी. पाच वर्षांपूर्वी अंगात रक्त नाही म्हणून दवाखान्यात आली तेव्हा तिचा गट कळला. तेव्हापासून गावी असली की दर शुक्रवारी ती दोन मिली रक्त देऊन जायची. मालनबाई ते आठवडाभर पुरवायच्या. कडूबाई फडावर गेली की त्यांची पंचाईत व्हायची, मग बीडहून कुणाची तरी विनवणी करून निगेटिव्ह रक्त मागवावं लागे.

कडूबाईची पहिली मुलगी साखराबाई जगली. पुढची तिन्ही गेली. एक पोटातच, दोन जन्मल्यावर हळदीसारखी पिवळी होऊन. सासूनं तिला पांढऱ्या पायाची ठरवलं, नवऱ्यानं तीन वर्षं माहेरी बसवलं. गट कळला त्या दिवशी मालनबाईंनी व्हरांड्यात बसून तिला समजावून सांगितलं होतं. आई निगेटिव्ह आणि पहिलं मूल पॉझिटिव्ह असलं की बाळंतपणात त्या रक्ताची आईच्या अंगाला ओळख होते आणि वैर धरलं जातं. पहिलं मूल सुटतं, पुढच्यांवर ते वैर निघतं. पहिल्या बाळंतपणानंतर तीन दिवसांच्या आत एक इंजेक्शन दिलं तर बहुतेक वेळा हे टळतं. कडूबाईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मंग तवा ती सुई कुठं व्हती, ताई?"

सुई बीडला होती. पण हिला ती लागते हे सांगणारा एकही कागद कुणाजवळ नव्हता.

म्हणूनच कारखान्यानं रक्तगटाच्या कार्डांची योजना काढली तेव्हा सगळ्यांत आधी मालनबाईंना आनंद झाला. योजना निघाली ती वेगळ्याच कारणानं. सभासदांना दरवर्षी सवलतीच्या दरात साखर मिळायची. यंदा साखरच नव्हती. रिकाम्या हातानं सभासदांपुढं कसं जायचं, म्हणून चेअरमन अर्जुनरावांनी ठरवलं की एक मेला, महाराष्ट्र दिनाला, छावणीतल्या प्रत्येकाला रक्तगटाचं प्लास्टिकचं कार्ड द्यायचं. एका बाजूला गट, दुसऱ्या बाजूला चेअरमनांचा फोटो. छावणीत त्यावर थट्टा झालीच. एक म्हातारा म्हणाला, "साखर न्हाई तर न्हाई, रगताची जात तरी कळंल."

पण फडावर जाणाऱ्या बायकांच्या कनवटीला असं एक कार्ड असलं तर काय होईल, हे मालनबाईंच्या डोळ्यांपुढं लख्ख उभं राहिलं. सांगली-कोल्हापूरकडं फडाजवळच्या पाचटाच्या कोपीत बाळंत होणारी पोर. तिला ना तिथली नर्स ओळखत, ना डॉक्टर. एवढं एक कार्ड मात्र बोलेल. त्यांनी कामाला होकार दिला.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सोमवार ते बुधवार तीन दिवस तपासणी झाली. छावणीच्या दाराशी पत्र्याचं शेड, टेबल, पांढऱ्या टाइल्स. ट्रस्टचे सचिव धर्मराज शेजारी बसून चिठ्ठ्या लिहीत होते. बोटाला टोचायचं, टाइलवर रक्ताचे तीन थेंब घ्यायचे, तिन्हींवर औषध टाकायचं, काडीनं कालवायचं. ए आणि बी लगेच कळतात. आरएचचं औषध सावकाश चालतं, त्याला थांबावं लागतं. मग मालनबाईंनी काम सोपं जावं म्हणून एक रीत बसवली. दहा माणसांची टाइल एकदम मांडायची, ए-बी जाता जाता वाचायचे आणि आरएचचे दहाही थेंब शेवटी एकत्र वाचायचे. रांग फाटकापर्यंत गेली होती. ऊन बेचाळीसवर होतं, आणि माळावरून भट्टीच्या तोंडासारखा वारा सुटला होता. तीन दिवसांत अकराशे शहाऐंशी माणसं झाली. प्रत्येकाच्या हातात गटाची चिठ्ठी पडली. एक तारखेला ही चिठ्ठी दाखवायची आणि कार्ड न्यायचं.

तीनही दिवस सकाळी साडेसहाला मालनबाईंनी ओळखीच्या रक्तावर बाटल्या तपासल्या होत्या, आपल्या खोलीत, दार लावून. कडूबाईच्या रक्तानं तीनही दिवस ठामपणे नाही म्हटलं होतं. मालनबाई निर्धास्त होत्या.

शुक्रवारी कडूबाई नेहमीप्रमाणं रक्त द्यायला आली. तिचे दोन बैल छावणीतच होते. बाकावर बसून तिनं बाही वर केली, आणि दुसऱ्या हातानं कनवटीची चिठ्ठी काढून पुढं धरली.

"ताई, आमचं रगत बदललं का काय?"

मालनबाईंना आधी काही कळेना. कडूबाईला वाचता येत नव्हतं, पण पाच वर्षं ती आपल्या नळीवरचं लेबल बघत होती. "माझ्या नळीवर तुमी गोल काढून फुडं आडवी रेघ वढता. हितं तर फुली हाय."

चिठ्ठीवर ओ पॉझिटिव्ह लिहिलं होतं. मंगळवारी दुपारी कडूबाई रांगेत उभी राहिली होती. डोक्यावरून पदर ओढलेल्या तीसेक बायका एकामागून एक आल्या आणि बोट पुढं करून गेल्या. मालनबाईंनी बोटं पाहिली, तोंडं पाहिली नाहीत. धर्मराजांनी चुकीची चिठ्ठी लिहिली असं म्हणायलाही जागा नव्हती. थेंब मालनबाईंनी स्वतः वाचला होता.

त्यांनी तपासणीची वही काढली आणि उभ्या उभ्या मोजायला सुरुवात केली. आपल्याकडं शंभरात पाच-सहा माणसं निगेटिव्ह निघतात. अकराशे शहाऐंशीत साठेक तरी हवीत. वहीत निघाली नऊ. एवढी साधी बेरीज तीन दिवसांत एकदाही करावीशी वाटली नाही, याचं त्यांना जास्त लागलं.

मग त्यांनी कडूबाईला बरोबर घेतलं आणि भर दुपारी त्याच शेडमध्ये, त्याच टेबलावर, तीच बाटली उघडून थेंब मांडला. दीड मिनिटाला थेंब गुळगुळीत होता. तिसऱ्या मिनिटाला कडेनं वाळू लागला. पाचव्या मिनिटाला मधोमध रव्यासारखे दाणे दिसायला लागले. हुबेहूब गुठळी. औषधानं काही केलं नव्हतं, वाऱ्यानं केलं होतं. पाचव्या मिनिटाला वाचणाऱ्यानं पॉझिटिव्हच म्हटलं असतं. तेच रक्त त्यांनी खोलीत नेऊन ट्यूबमध्ये लावलं, यंत्रात फिरवलं, हलकेच हलवलं. तळाला बसलेला लाल ठिपका उदबत्तीच्या धुरासारखा विरत वर आला. निगेटिव्ह.

औषध खोटं नव्हतं. साक्षीदारही खोटा नव्हता. त्याची साक्ष मात्र बंद खोलीतल्या थंडाव्यात घेतली होती आणि निवाडा शेडमधल्या वाऱ्यात दिला होता. ओळखीचं रक्त तपासायचं ते त्याच टाइलवर, त्याच वाऱ्यात, त्याच वेळाला, एवढी गोष्ट एकोणीस वर्षं काम केलेल्या तंत्रज्ञाला सुचली नव्हती.

शनिवारी सकाळी त्या सचिवांकडं गेल्या आणि सगळं सांगितलं. धर्मराज वाईट माणूस नव्हते, फक्त कार्यक्रम ठरला की तो पार पाडायचा एवढंच त्यांना ठाऊक होतं. कार्डं बीडला छापायला गेली होती. त्यांच्यावर जोडायच्या प्रमाणपत्रावर मालनबाईंची सही तेवढी राहिली होती. धर्मराजांनी कागद पुढं सरकवला आणि समजुतीच्या सुरात सांगितलं की बाई, उगाच जिवाला लावून घेऊ नका. कार्ड बघून कुणी रक्त चढवतं का? चढवण्याआधी दवाखान्यात परत तपासतातच.

हे बोलणं खरं होतं. म्हणून तर ते जास्त घातक होतं.

"रक्त देताना परत तपासतात," मालनबाई म्हणाल्या. "बाळंतिणीला कोण तपासतं? फडावरून पोर आरोग्य केंद्रात येते. नर्स कार्ड बघते. पॉझिटिव्ह लिहिलंय, म्हणजे सुई नको. तिसऱ्या दिवशी पोर कोपीत परत. पुढचं लेकरू गेलं की सासू हिच्याच पायाला दोष देणार. कार्डच नसतं तर नर्सनं निदान विचारलं तरी असतं."

धर्मराज म्हणाले की आधी वाटू या, मग सावकाश दुरुस्त करू. मालनबाईंनी सही केली नाही. रविवारी त्यांना निरोप आला की पुढची सूचना मिळेपर्यंत छावणीत फिरकू नये, आणि सहीचं काय करायचं ते संस्था बघून घेईल. याचा अर्थ त्यांना नेमका कळला. दवाखान्याचे डॉक्टर तीन महिन्यांनी निवृत्त होणार होते. ते समोर येईल त्या कागदावर सही करायचे.

त्या दिवशी संध्याकाळी हरिबानं त्यांना हळूच सांगितलं की ताई, कार्डांचे खोके येऊन पडलेत, तुमी आता गप ऱ्हावा, नोकरी हाय तर समदं हाय. मालनबाईंनी त्याचा चहा घेतला आणि दुसऱ्या दिवशी वापरायच्या ट्यूबा धुवायला बसल्या.

मंगळवारी, म्हणजे तीस तारखेला, अर्जुनराव मंडप बघायला छावणीत आले. बरोबर दोन संचालक आणि धर्मराज. दुपारचे दोन वाजले होते. शेडमध्ये बघतात तर मालनबाई टेबल मांडून बसलेल्या. समोर एक टाइल, एक छोटी बाटली, शेजारी वही. कडूबाई पलीकडं उभी. भोवती छावणीतली पन्नास-साठ माणसं जमली होती, कारण मालनबाईंनी सकाळपासून ज्याला त्याला सांगितलं होतं की तुमच्या चिठ्ठ्या चुकल्यात, दोन वाजता या, दाखवते.

धर्मराज पुढं झाले आणि हलक्या आवाजात म्हणाले की तुम्हाला निरोप मिळाला नाही का. मालनबाईंनी मान हलवली. मिळाला होता.

अर्जुनराव मुरलेले गृहस्थ. माणसांपुढं चिडायचं नाही हे त्यांना माहीत होतं. हसून म्हणाले, "मालनबाई, तुम्ही ट्रस्टच्या नोकर आहात. काय सांगायचं ते ऑफिसात सांगा."

"नोकर मी दवाखान्यात आहे, साहेब. या मैदानात सभासद आहे. वडलांचा शेअर माझ्या नावावर झालाय. सचिवांना विचारा, नंबर त्यांच्याकडं आहे."

मागून कुणीतरी खाकरलं. अर्जुनरावांनी खुर्ची मागवली. ऐकून घेतल्याशिवाय इथून निघता येणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

मालनबाईंनी कडूबाईच्या बोटाला टोचलं आणि टाइलवर एक थेंब घेतला. बाटली उचलून सगळ्यांना दाखवली. "यात औषध नाही. नुसतं मिठाचं पाणी आहे, सलाइनमध्ये असतं तसलं. हे रक्तात मिसळलं तर काहीच व्हायला नको." एक थेंब टाकला, काडीनं कालवला, टाइल टेबलावर ठेवली आणि हात मांडीवर घेतले. "पाच मिनिटं थांबायचं. त्या तीन दिवसांत मी थांबत होते तेवढंच."

पाच मिनिटं फार मोठी असतात. पत्रा तापून तडतडत होता. एक तरणा गडी दुसऱ्याला म्हणाला, "बाई जादूचा खेळ करायल्यात बे." दुसरा म्हणाला, "आता कबूतर निघंल बघ." चारजण हसले. अर्जुनरावांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मालनबाई टाइलकडं बघत नव्हत्या. त्या समोरच्या बायकांकडं बघत होत्या. त्यांत एक सात-आठ महिन्यांची गरोदर पोर होती, बैलाच्या दाव्याला हात धरून उभी.

वेळ झाल्यावर त्यांनी टाइल उचलून धर्मराजांपुढं धरली.

"सचिवसाहेब, तीन दिवस तुम्ही माझ्याशेजारी बसला होता. थेंब कसा दिसला की काय लिहायचं, हे तुम्हालाही पाठ झालंय. हा काय आहे ते सांगा."

धर्मराजांनी वाकून पाहिलं. दाणे स्पष्ट दिसत होते. ते सवयीनं म्हणाले, "पॉझिटिव्ह."

"औषध कुठंय?"

मघाशी कबुतराची थट्टा करणारा गडी पुढं सरकून टाइलमध्ये बघत राहिला. टाइल मग हातोहात फिरली. वाचता न येणाऱ्यांनाही ती वाचता आली. मिठाच्या पाण्यानंसुद्धा माणूस पॉझिटिव्ह निघत होता.

अर्जुनरावांनी टाइल हातात घेतली, पाहिली आणि परत ठेवली. त्यांनी विचारलं की मग ही चूक कुणाची. मालनबाई म्हणाल्या, माझी. थेंब उशिरा मी वाचले, साक्षीचं रक्त खोलीत मी ठेवलं.

चेअरमनांना वाट सापडली असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. ते उठून उभे राहिले आणि जमलेल्यांना म्हणाले की काळजीचं कारण नाही, छपाईत थोडी गडबड झाली आहे, उद्याची कार्डं थांबवू आणि नवी छापून देऊ. मालनबाईंना तर त्यांनी सांभाळूनच घेतलं होतं. त्यांचं नावही त्यात नव्हतं. गप्प बसल्या असत्या तर नोकरी वाचली असती, अब्रूही वाचली असती. दोन संचालक निघायलाही लागले.

"छपाईत गडबड नाही," मालनबाई म्हणाल्या.

अर्जुनराव थांबले. पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "बाई, तुम्हाला वाचवायलोय मी."

"मला वाचवू नका. छपाई चुकली म्हटलं की तुम्ही याच वहीवरून परत छापणार. कार्ड नवं, आणि रक्त तेच चुकीचं." त्यांनी वही उघडली. एकतीस पानं होती. लाल पेनानं पहिल्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली, त्यावर रद्द लिहिलं, खाली सही आणि तारीख टाकली. मग दुसऱ्या पानावर. अर्जुनरावांनी धर्मराजांकडं पाहिलं, धर्मराजांनी वहीकडं हात पुढं केला, आणि तेवढ्यात कडूबाई मध्ये येऊन टेबलाला पोट टेकून उभी राहिली. धर्मराजांना तिला बाजूला करता येईना, कारण भोवती बायका होत्या आणि त्या सगळ्या बघत होत्या. एकतीसही पानं होईपर्यंत कुणी जागचं हललं नाही. सातव्या की आठव्या पानापासून रेघ सरळ राहावी म्हणून मालनबाईंनी डाव्या हातानं मनगट धरलं.

शेवटच्या पानावर सही झाली तशी कडूबाई बायकांकडं वळली.

"माझी तीन गेली. कावून गेली ते लई उशिरा कळलं. ज्यांच्या चिठ्ठीवर फुली हाय त्यांनी हितं आणून टाका. रेघ निघाली तर निघाली, रेघंनं कुणी मरत न्हाई. न कळल्यानं मरत्यात."

चिठ्ठ्या पडू लागल्या. ती गरोदर पोर आधी आली. सगळ्यांनी मात्र टाकल्या नाहीत. पुष्कळ पुरुषांनी चिठ्ठी खिशातच ठेवली. एक जण म्हणाला की फुकट मिळालेलं परत कशापायी द्यायचं. अर्जुनराव केव्हा गाडीत बसले ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

एक तारखेला झेंडावंदन झालं, भाषण झालं, कार्डं वाटली गेली नाहीत. तांत्रिक कारणामुळं, असं माइकवर सांगण्यात आलं. खोके गोदामात पडून राहिले.

फेरतपासणीचा कुणी लेखी हुकूम दिला नाही. कुणी मनाईही केली नाही. मालनबाई पहाटे साडेपाचला, वारा सुटायच्या आत, छावणीत जायच्या. प्रत्येकाची आधी माफी मागायच्या, मग रक्ताचे दोन थेंब सलाइनच्या ट्यूबमध्ये घ्यायच्या आणि ट्यूबांचे स्टँड ओल्या गोणपाटात गुंडाळून खोलीवर आणायच्या. वीज असेल तेवढे तास मोठं यंत्र, नसेल तेव्हा कपाटामागून काढलेलं हातानं फिरवायचं जुनं यंत्र. ते चारच ट्यूबांचं. हरिबा दांडा फिरवायचा आणि म्हणायचा की बैल छावणीत आणि मी घाण्याला. दर वीस ट्यूबांमागं कडूबाईची एक ट्यूब मालनबाई मध्येच घुसवायच्या. तिनं नाही म्हटलं तर पुढं जायचं, नाहीतर वीसही परत. असं दोनदा झालं. दोन्ही वेळा वीसही परत केल्या.

आधी बायका, मग पोरी, मग पुरुष. चिठ्ठी खिशात ठेवणारेही दुसऱ्या आठवड्यात आपणहून आले, कारण त्यांच्या बायकांनी त्यांना झोपू दिलं नाही. एकोणीस दिवस लागले. त्रेसष्ट माणसं निगेटिव्ह निघाली, त्यांत सत्तावीस बायका आणि पोरी. दाव्याला धरून उभी असलेली गरोदर पोर निघाली पॉझिटिव्ह. तिला ते सांगताना मालनबाईंना इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी पहिल्यांदा त्या पाणी मागून प्यायल्या. कार्डं मात्र नव्हती. मालनबाईंनी साध्या पुठ्ठ्याचे तुकडे कापले, शाईच्या पेनानं गट लिहिला, निगेटिव्ह बायकांच्या पुठ्ठ्यावर मागच्या बाजूला इंजेक्शनचं नाव आणि तीन दिवसांच्या आत असं ठळक लिहिलं, आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून मेणबत्तीवर कडा चिकटवल्या. फोटो कुणाचाच नव्हता.

जूनमध्ये ट्रस्टचं पत्र आलं. संस्थेच्या परवानगीशिवाय जाहीर वक्तव्य करून संस्थेची बदनामी केली, अभिलेख खराब केले, याबद्दल वेतनवाढ का रोखू नये याचा खुलासा करावा आणि लेखी दिलगिरी व्यक्त करावी. काढून टाकायची हिंमत कुणाची नव्हती, कारण तंत्रज्ञाशिवाय रक्तपेढीचा परवाना टिकत नव्हता आणि मोरदऱ्याला दुसरं कुणी यायला तयार नव्हतं.

मालनबाईंनी खुलासा लिहिला. तपासणी कोणत्या पद्धतीनं केली, उन्हात आणि वाऱ्यात थेंब किती मिनिटांत वाळला, औषधाशिवायही गुठळी कशी दिसली, ट्यूबमध्ये काय निघालं, हे सगळं आकड्यांसह दीड पान. शेवटी दोन ओळी होत्या. चूक माझी होती आणि तिची माफी ज्यांना चुकीच्या चिठ्ठ्या दिल्या त्या अकराशे शहाऐंशी जणांकडं मी समक्ष मागितली आहे. चूक सांगितल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करणार नाही.

पत्र परत आलं, वर लाल शेरा मारून. खुलासा असमाधानकारक, दिलगिरी व्यक्त करून पुन्हा सादर करावा. मालनबाईंनी ते टेबलावर समोर ठेवलं, नवा कागद घेतला आणि तोच खुलासा पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत पुन्हा उतरवला. तारीख तेवढी बदलली. पोळ्यापर्यंत तो चार वेळा परत आला आणि चार वेळा तसाच गेला. पाचव्यांदा तो ट्रस्टनं निमूटपणे फाइलला लावून टाकला.

वेतनवाढ त्या वर्षी मिळाली नाही.